परीक्षा नसलेल्या देशात

अमरावतीची निम्मी वकिली आणि पाऊण कचेरी आपल्या हाताखालून गेली आहे, असं मोरोपंत पिंपळखुटे मास्तर सांगत, आणि ते फारसं खोटं नव्हतं. ते अंकगणित शिकवत. पण शिकवण्यापेक्षा परीक्षा घेणं त्यांना जास्त आवडे. शनिवारची परीक्षा, सहामाही, वार्षिक, आणि मधूनच एखाद्या पोराचा चेहरा आवडला नाही तर तिथल्या तिथे तोंडी. "विचारल्याशिवाय माणसाला काय येतं ते देवालाही कळत नाही," असं ते म्हणत. वार्षिक निकालाच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर उभं राहून ते स्वतः नावं वाचत. खाली पोरं, पोरांचे बाप आणि रस्त्यावरचे रिकामटेकडे जमत. पास झालेल्याचं नाव साध्या आवाजात येई, नापासाचं जरा थांबून. त्या थांबण्याला गाव घाबरे. पुन्हा पुन्हा ज्याच्या नावाआधी ते थांबत, त्याला ते शेवटी दाखला देऊन घरी पाठवत. 'दाखला हातात देईन' ही मास्तरांची धमकी अंबागेटच्या आतल्या जुन्या गावात इतकी रुळली होती की बायका दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही तीच देत.

अशा माणसाच्या पोटी कमलाकांत जन्माला आला, एकुलता एक. आता मास्तरांच्या पोराने हुशार नसावं तर काय करावं! तो दर वर्षी पहिला येई. निकालाच्या दिवशी मोरोपंत पहिला पेढा अंबादेवीपुढे ठेवत, मग गल्लीत वाटत, आणि घरी आल्यावर पोराच्या पाठीवर एकदा हात ठेवत. एकदाच. बाकीचं वर्ष हा हात पाठीवर वेगळ्या कामासाठी पडे. पोरावर त्यांचा जीव नव्हता असं कोण म्हणेल? उलट फार होता. पण तो दाखवायला त्यांना निकाल लागे, त्याला ते तरी काय करणार.

नागपूरला कमलाकांत रसायन घेऊन बी. एस्सी. झाला, तोही पहिल्या वर्गात. रसायन शिकायचं तर जर्मनीत, असं त्या काळी जो तो म्हणे. दर्यापूरकडचे किसनराव मास्तरांचे जुने विद्यार्थी. गणितात कच्चे, पण कपाशीत पक्के. ते म्हणाले, "मास्तर, पोराले धाडाच. सरकीचं तेल काळं पडते बापा, साबणाच्या कामाचं रायते फकस्त. त्याचा काई इलाज काढला पोरानं तं आख्खं वऱ्हाड नाव घीन." किसनरावांनी हात दिला, कमलाकांतच्या आईने, रमाबाईंनी, अंगावरचं सोनं उतरवून दिलं, आणि एकोणतीस साली कमलाकांत निघाला. बडनेऱ्याच्या फलाटावर रमाबाई रडत होत्या. मोरोपंतांनी गाडी हलताना एवढंच सांगितलं, "निकाल लागला की तार कर."

पोर बर्लिनला पोचलं, भाषा शिकलं, विद्यापीठात नाव घातलं. पत्रं येऊ लागली. मोरोपंत संध्याकाळी ती मोठ्याने वाचत आणि रमाबाई गहू निवडत ऐकत. कमलाकांतने तिथली रीत बापाला समजावून सांगितली होती. इथे वर्गच नाहीत, नाना, त्यामुळे वरच्या वर्गात जाणंही नाही. विद्यार्थी आपले विषय आपण निवडतो. आपल्या वहीत ते लिहितो आणि सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रोफेसर त्यावर सही करतात. हजेरी कोणी घेत नाही. प्रयोगशाळेत प्रोफेसर वाटेल तेव्हा वाटेल ते विचारतात, पण ते गुण कुठे लावत नाहीत. बी. ए., एम. ए. अशा पायऱ्याही नाहीत. शेवटी एकच दार. आपण स्वतः शोधून काढलेल्या गोष्टीवर प्रबंध लिहायचा, तो प्रोफेसरांनी पसंत केला की तोंडी परीक्षा, आणि प्रबंध छापून प्रती दिल्या की माणूस डॉक्टर. तोवर तो कोणी नसतो.

मोरोपंतांनी पत्र घडी करून चष्मा काढला.

"हजेरी नाही, परीक्षा नाही, आणि म्हणे विद्यापीठ!"

"जेवतो का तो नीट? ते लिहिलंय का?" रमाबाईंनी विचारलं.

ते लिहिलेलं नव्हतं.

जून आला. नागपूरचे निकाल वर्तमानपत्रात छापून आले, गल्लीत पेढे फिरले. पानाच्या दुकानापाशी, देवळात, कचेरीच्या वाटेवर जो तो विचारी, "काय मास्तर, चिरंजीवांचा निकाल?" पहिल्या वर्षी मोरोपंत म्हणाले, तिकडे उशिरा लागतो. दुसऱ्या वर्षी म्हणाले, तिकडची पद्धत निराळी आहे. ज्याने अख्ख्या गावाचे निकाल ओट्यावरून वाचले त्याच्याच घरचा निकाल येईना, याची गावाला थोडी मौज वाटत होती हे त्यांनाही कळत होतं. ज्यांच्या नावाआधी ते कधीकाळी थांबले होते, ती पोरं आता बाप्ये झाली होती, आणि तीच हे जास्त आदबीने विचारीत.

त्यात कमलाकांतने बर्लिन सोडलं. ग्योटिंगेन नावाच्या गावी गेला. मोरोपंतांनी मनाची समजूत घातली की बर्लिनची हवा मानवली नसेल. पण एकतीस सालच्या पावसाळ्यात मोठ्या आनंदाचं पत्र आलं. 'इथला दाखला हातात पडला, नाना. आता दक्षिणेकडे प्रोफेसर हिर्शबाउम यांच्याकडे चाललो. तेलातल्या रंगद्रव्यांत त्यांच्यासारखा माणूस नाही. त्यांनी मला घेतलं! अशा गुरूला इथे डॉक्टर-बाप म्हणतात.'

मोरोपंत पत्राच्या मधेच थांबले. रमाबाईंनी मान वर करून पाहिलं. नवऱ्याचं हे थांबणं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, पण आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं.

"काय झालं हो?"

"दाखला दिला त्याला. हाकलला." मोरोपंत म्हणाले. "एकदा नाही, दोनदा. आणि गाढव हसत सांगतोय."

"आनंदानं लिहिलंय म्हणता ना? मग वाईट कसं असेल?"

"नापास पोरं सगळी आनंदानंच सांगतात. पेपर चांगला गेला होता म्हणतात. तीस वर्षं हेच ऐकतोय मी. आणि वर तिकडे बाप केलाय एक नवीन. इथला अजून जिवंत आहे म्हणावं!"

पत्रातलं ते डॉक्टर-बापाचं वाक्य त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. त्यांनी ते कधी कोणाजवळ कबूल केलं नसतं, पण लागलं होतं. त्यांनी पोराला पत्रावर पत्र लिहिलं: पास झाल्याचा कागद पाठव, नाहीतर परत ये. पोराने पुन्हा पुन्हा तेच समजावलं, की असा कागद इथे नसतो, थोडं थांबा, काम चांगलं चाललं आहे. जितकं तो समजावी तितका यांचा संशय वाढे. चोरी न केलेला पोर एवढं कशाला बोलतो, हा त्यांचा वर्गातला अनुभव होता. तो अनुभव त्यांनी पोटच्या पोराला लावला.

बत्तीसच्या जूनमध्ये कोणाचा तरी भाचा विलायतेहून बॅरिस्टर होऊन आला आणि त्याची गावातून मिरवणूक निघाली. वाजंत्री मोरोपंतांच्या दारावरून गेली. दुसऱ्या दिवशी ते तारऑफिसात गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी एक खोटा आकडा फळ्यावर लिहिला नव्हता. कॉपी करणाऱ्या पोराला ते वेताने सोलत. त्या माणसाने तार केली: आई अत्यवस्थ, ताबडतोब नीघ.

कमलाकांत मिळेल त्या बोटीने आला. मुंबईहून तसाच गाडीत बसला, बडनेऱ्याला उतरून धावतपळत घर गाठलं. दारात रमाबाई गहू निवडत बसल्या होत्या.

"आई," तो म्हणाला, आणि उंबऱ्यावरच बसला.

रमाबाईंना तारेचं काही ठाऊक नव्हतं. पोराला बघून त्या आधी हरखल्या, मग त्याचा चेहरा पाहून घाबरल्या, आणि मग त्याने सांगितल्यावर त्यांना सगळं कळलं. त्या आत गेल्या. मोरोपंत झोपाळ्यावर होते.

"मला मारून बोलावलंत त्याला," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे कित्येक महिने त्या नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या.

कमलाकांतने ओरडा केला नाही. त्याने बापाला एकदाच सांगितलं. प्रबंध लिहून झालाय. प्रोफेसरांना पसंत आहे. तोंडी परीक्षा तेवढी राहिली, पावसाळा सरता सरता दिवस ठरला आहे. मला परत जाऊ द्या.

"तीन वर्षांत एक परीक्षा पास झाला नाहीस, आणि आता शेवटची एकदम होणार?" मोरोपंत म्हणाले. "मला विद्यापीठं शिकवू नकोस."

कमलाकांत उठला आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. परतीच्या खर्चासाठी किसनरावांकडे गेला असता तर त्यांनी नाही म्हटलं नसतं, पण ज्याला बापानेच खोटा ठरवलं तो दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहणार? पावसाळा संपला, ठरलेला दिवस गेला. मग अकोल्याच्या एका तेलाच्या गिरणीत तेल तपासायला माणूस हवा होता, तिथे तो लागला. सरकीचं काळपट तेल बाटलीत घेऊन उजेडात धरायचं आणि बरं की वाईट ते सांगायचं, हे त्याचं काम. या कामाला जर्मनीला जावं लागत नाही. लग्नाच्या गोष्टी निघाल्या, त्याने नाही म्हटलं. सणाला घरी येई, आईशी बोले, बापाच्या पाया पडे आणि दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाई. मोरोपंत लोकांना सांगत, "नाही झेपलं त्याला. सगळ्यांनाच झेपतं असं नाही." हे सांगताना त्यांना वाईट वाटे, पण त्यात आपण वेळेवर पोराला सावरलं असं एक समाधानही होतं. ते समाधान त्यांनी पुढे तीन वर्षं उराशी धरलं.

पस्तीस साली मोरोपंत निवृत्त झाले. त्याच हिवाळ्यात वाचनालयात व्याख्यान ठरलं, 'जर्मनीतील उच्च शिक्षण'. वक्ते डॉक्टर टेंभेकर, नागपूरचे, स्वतः जर्मनीत राहून आलेले. मोरोपंत पहिल्या रांगेत जाऊन बसले, शेजारी किसनराव. मागे बायकांच्या बाजूला रमाबाईही होत्या, कारण पोराने जिथे तीन वर्षं काढली तो देश कसा आहे ते त्यांना एकदा ऐकायचं होतं.

टेंभेकर चांगलं बोलले. तिकडे विद्यापीठं सरकारची, प्रोफेसरही सरकारचे, पण वर्गात प्रोफेसर राजा. यंत्रविद्येच्या शाळा वेगळ्या, विद्यापीठं वेगळी. व्याख्यान आवडलं तर पोरं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. लोक हसले. मोरोपंत हसले नाहीत. शंका विचारायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले. जुनी सवय, आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत गेला.

"आपण चांगल्या पोरांचं सांगितलं. जी पोरं एका विद्यापीठातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात दाखले देऊन हाकलली जातात, त्यांचं काय?"

टेंभेकर गोंधळले. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते हसले. "हाकलतात कोण? छे! उलट एकाच गावात राहून शिकला तर तिकडे लोक हसतात. ज्या विषयाचा मोठा माणूस जिथे असेल तिथे जायचं, ही तिकडची रीतच आहे. आधीचा दाखला घेतल्याखेरीज पुढे नाव घालता येत नाही, म्हणून तो घ्यायचा. मी स्वतः चार गावं हिंडलो. जितका हुशार तितका जास्त हिंडतो म्हणा ना."

मोरोपंत उभेच होते. "आणि... मधेच परत आला तर?"

"मग हाती काही नाही. मधली पदवीच नाही ना तिकडे." टेंभेकर हळहळले. "तुमच्याच वऱ्हाडातला एक मुलगा मला तिथे भेटला होता. सरकीच्या तेलावर काम करत होता, फार गुणी. प्रबंध तयार, परीक्षेची तारीख ठरलेली, आणि आईच्या दुखण्याची तार आली. त्याच दिवशी निघाला बिचारा. परत आलाच नाही. आई गेली असावी."

सगळ्या माना मोरोपंतांकडे वळल्या. टेंभेकरांना काय झालं ते कळेना. बाकी साऱ्यांना कळलं होतं. बायकांच्या बाजूला हालचाल झाली. रमाबाई उठल्या, पदर सावरला, आणि सगळ्यांच्या देखत दरवाज्यातून बाहेर गेल्या. मोरोपंत हळूच खाली बसले.

किसनराव दुसऱ्या दिवशी सकाळीच आले. मास्तर ओसरीवर बसलेले, डोळे सुजलेले.

"मास्तर, आता काहून बसून राह्यले? झालं ते झालं. पोराले धाडा परत. मी हाव ना."

"तोंड कसं दाखवू त्याला?"

"आपलंच पोरगं हाय. मारीन काय तुमाले?"

मोरोपंतांनी कोट चढवला. रमाबाईंनी न बोलता डब्यात शेव-चिवडा भरून दिला. गाडीत ते मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. चूक माझी झाली. तू परत जा. एक परीक्षाच तर राहिली आहे, दोन महिन्यांचं काम. बैल गेला आणि झोपा केला असं लोक म्हणतील तर म्हणोत, पण बैल अजून गेलेला नाही, असं ते स्वतःला सांगत होते. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत त्यांना जवळजवळ आनंद वाटू लागला होता.

गिरणीच्या आवारात सरकीच्या ढेपेचा उग्र वास होता. कमलाकांतची खोली तिथेच मागच्या बाजूला. बापाला दारात पाहून तो दचकला.

"आई...?"

"बरी आहे. देवाशपथ बरी आहे," मोरोपंत घाईने म्हणाले. आपल्या शब्दाला आता शपथ लागते, हे त्यांना त्याच क्षणी कळलं.

कमलाकांतने त्यांना खाटेवर बसवलं, चहा टाकला. कपाळावरचे केस मागे गेले होते, बोटं तेलाने पिवळी पडलेली. मोरोपंतांनी गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं एकदम सांगून टाकली, मागची पुढे आणि पुढची मागे. टेंभेकर, दाखला, किसनराव, बोट. शेवटी म्हणाले, "मला काही कळत नव्हतं रे. तू सांगत होतास आणि मला कळत नव्हतं. जा, बाळा. या चैत्रातच जा."

कमलाकांतने चहा गाळला. कप त्यांच्या हातात दिला.

"प्रोफेसर नाहीत तिथे, नाना."

"कुठे गेले?"

"काढलं त्यांना. ज्यू होते ते. तेहेतीस साली नवं सरकार आलं, त्यांनी एका हुकुमात काढून टाकलं."

"प्रोफेसरला? प्रोफेसरला कोण काढतं?"

"सरकारचे नोकर ना ते. काढलं. माझ्या बरोबरच्या एकाने कळवलं होतं. कोणी म्हणतं तुर्कस्तानात आहेत, कोणी म्हणतं गेले."

"मग दुसऱ्या प्रोफेसरकडे जा."

"त्यांच्या विद्यार्थ्यांना आता कोणी दारात उभं करत नाही. आणि न्यायचं काय बरोबर? प्रबंध त्यांच्या कपाटात होता. मला वाटलं, आईला बघून येतोच आहे. म्हणून तिथेच ठेवला." त्याने स्वतःचा कप भरला. "बत्तीस साली झालो असतो तर झालो असतो, नाना."

हे तो रागाने बोलला नाही. रागाने बोलला असता तर मोरोपंतांना सोसलं असतं.

"दोन वर्षं तुला हे ठाऊक आहे," ते म्हणाले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

चहा तसाच हातात राहिला. बाहेर बैलगाड्यांतून सरकीची पोती उतरत होती आणि हमाल एकमेकांना हाका मारत होते. मग मोरोपंत कप खाली ठेवून मांडी घालून बसले, वर्गात खाली पोरं बसतात तसे.

"मला सांग," ते म्हणाले. "काय शोधलं होतंस ते सांग. मला समजलं नाही तरी सांग."

कमलाकांतने त्यांच्याकडे पाहिलं. खरंच ऐकायचं आहे का, हे तो पाहत होता. मग त्याने खिडकीतली तेलाची बाटली उचलली आणि उजेडात धरली. सरकीत बारीक काळे ठिपके असतात, नाना, त्यांत एक पिवळं द्रव्य असतं. घाण्यात गरमी लागली की ते तेलात उतरतं, आणि मग कितीही धुवा, रंग जात नाही. सगळे तेल धुवायच्या मागे. प्रोफेसर म्हणाले, तेल सोड, ठिपका धर. तो बोलू लागला तसा त्याचा आवाज बदलला, हात हलू लागले, मधेच दोन-चार जर्मन शब्द आले. मोरोपंतांना त्यातलं फारसं कळत नव्हतं. आपल्या पोराचा हा चेहरा आपण कधीच पाहिला नव्हता, एवढं मात्र त्यांना कळत होतं.

"म्हणजे तेल काढायच्या आधीच त्या द्रव्याला बांधून टाकायचं. त्यासाठी मी आधी काय केलं, की..."

कमलाकांत थांबला. त्याने बाटली दुसऱ्या हातात घेतली. ओठ हलले. पुन्हा म्हणाला, "आधी काय केलं, की..."

मोरोपंत वाट पाहत राहिले. अडलेल्या पोराला पुढचा शब्द सांगून वाटेवर आणायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं, पण इथला पुढचा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. कमलाकांत बाटलीकडे पाहत होता, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेत अडलेला पोरगा पाहतो तसा.

"नाही आठवत, नाना," तो म्हणाला. "पुढचं मला आठवत नाही."